पिवळा पडलेला कोपरा

पुण्याहून पॅनल बसवायला आलेल्या लोकांनी आमच्या स्लॅबबद्दल पुष्कळ विचारलं. स्लॅब किती जुना आहे, दुपारी किती तापतो, सावली कुठल्या बाजूनं येते, शेजारी कोणी गोवऱ्या जाळतं का, धूळ कापसाच्या दिवसांत जास्त असते की उन्हाळ्यात. मी प्रत्येक उत्तर देताना आधी बाबांकडे पाहत होते आणि मग बोलत होते. स्लॅबवरचं पाणी कुठं जातं, हे मात्र कोणी विचारलं नाही. मलाही ते सांगावंसं वाटलं नाही. आमच्याकडे ते सांगायची गोष्टच नसते.

आमचं गाव पूर्णा नदीच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मुतखड्याचं दुखणं नाही असं घर शोधावं लागतं. नळयोजनेचं पाणी येतं तेव्हा येतं. म्हणून ज्यांचं घर स्लॅबचं आहे ते पावसाळ्याआधी स्लॅब झाडतात, धुतात आणि त्याचा पाइप सिमेंटच्या टाक्यात सोडतात. ते पाणी प्यायचं. आंघोळीला, भांड्यांना खारं.

आमचं टाकं माझ्या भावानं, दादानं, लग्नानंतरच्या उन्हाळ्यात बांधलं. वहिनी सुलतानपूरची, लोणार तालुक्यातली. तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी गोड. नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा तिनं पाण्याचा पहिला घोट सगळ्या बायकांसमोर परत ग्लासात सोडला होता. आईला ते फार लागलं. पुढचे कितीतरी दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आमच्या सुनेले पाणी चालत नाही बापा." दादानं वाळू आणली, विटा आणल्या आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून टाकं उभं केलं. पहिल्या वर्षी ते भरलं तेव्हा वहिनी तोटीला ओंजळ लावून पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता इथं राहता येईल." आईसुद्धा हसली होती.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. चिखलीला तीन मुलींबरोबर खोली करून राहते आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. वर्गात हात वर करायला मला अजूनही वेळ लागतो. उत्तर येत असलं तरी आधी मनात दोनदा म्हणून पाहते, तोवर दुसऱ्या कोणीतरी ते देऊन टाकलेलं असतं. त्यामुळे प्रकल्पासाठी विषय निवडताना मी पेरोव्हस्काइट म्हणाले, तेव्हा आमच्या सरांना आश्चर्य वाटलं.

नेहमीच्या सोलर पॅनलमध्ये सिलिकॉन असतं आणि ते तयार करायला मोठी भट्टी लागते. पेरोव्हस्काइट हे वेगळ्या बांधणीचे स्फटिक आहेत. त्यांचं द्रावण करून शाईसारखं काचेवर पसरता येतं, इतका पातळ थर की डोळ्यांना नुसती काळी काच दिसावी. तो थर स्वस्तात होतो आणि वीज चांगली देतो. जगभरच्या कंपन्या त्याच्या मागे आहेत, आणि अडचणही सगळ्यांची एकच आहे. प्रयोगशाळेत जे छान चालतं ते बाहेर उन्हात आणि ओलीत टिकत नाही. शिवाय बहुतेक सगळ्यांच्या स्फटिकांत शिसं असतं. हे सगळं मी सेमिनारमध्ये सांगितलं होतं. शिशासाठी वेगळी स्लाइड होती. 'योग्य आवरण असल्यास धोका नगण्य' असं तिच्यावर मीच लिहिलं होतं, वाचलेल्यावरून.

सरांच्या ओळखीनं पुण्याची एक छोटी कंपनी आली. त्यांना पॅनल बाजारात आणण्याआधी ती खऱ्या घरावर, खऱ्या धुळीत आणि आमच्यासारख्या उन्हात लावून पाहायची होती. मी घाबरत घाबरत म्हणाले, आमच्या घराला स्लॅब आहे. त्यांनी नोंदी पाहायचं काम मला दिलं आणि प्रकल्प नीट झाला तर पुण्यात ट्रेनी म्हणून घेऊ असं म्हणाले. मी हे घरी सांगितलं तेव्हा आईनं देवाजवळ साखर ठेवली.

बाबांना मात्र पटेना. चार काळी पॅनलं वर चढत होती आणि ते खाली उभे राहून पाहत होते.

"फुकट काऊन लावून राह्यले हे? यात त्याह्यचं काय?"

"बाबा, आपल्या ऊनात किती टिकतात ते पायचं हाय त्याह्यले."

"म्हणजे ऊन आपलं, अन् पास-नापास त्याह्यचं."

पण पॅनलवर घरात एक पंखा आणि दोन दिवे चालू लागले, आणि भर उन्हाळ्यात लाइन गेली की शेजारचे लोक आमच्या ओसरीत येऊन बसू लागले. तेव्हा बाबाच त्यांना समजावून सांगायचे, "हे साधं सोलर नाही बरं. हे शाईचं हाय. आमच्या पोरीचं हाय." मी गावी असले की हे ऐकून आत निघून जायचे. आवडायचंही आणि अवघडल्यासारखंही व्हायचं.

चैत्रात एका पॅनलला तडा गेला. कंपनीनं गारांचा विचार केला होता, वाऱ्याचा केला होता, वाळूचा केला होता. वानरांचा केला नव्हता. आमच्या गावात त्यांची टोळी चिंचेवरून स्लॅबवर आणि स्लॅबवरून पुढच्या घरावर अशी रोज फिरते. वहिनीनं फोनवर सांगितलं, "मोठा हुप्प्या होता. आला, बसला, तुमच्या काळ्या आरशात तोंड पाहिलं. नाही आवडलं त्याला. मारली उडी."

कंपनीतर्फे आमच्या नोंदी पाहणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांना मी कळवलं. त्या वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. माझ्याशी नेहमी नीट बोलायच्या, मी अडखळले तर थांबायच्या. त्यांनी फोटो मागवले आणि वर विचारून मला सांगितलं, "ते काढू नका. तडा फक्त कोपऱ्यात आहे आणि वीज येतेय. तडा गेलेलं पॅनल खऱ्या छपरावर किती तग धरतं हे आम्हाला प्रयोगशाळेत कळणार नाही. हा चांगला डेटा आहे." मला ते बरोबर वाटलं. एवढंच नाही, आपल्या स्लॅबवर काहीतरी वेगळं घडतंय याचा थोडा आनंदही झाला.

आषाढ संपत आला होता. मी कॉलेजच्या जिन्यात बसून डबा खात होते आणि फोनवर वहिनीचा फोटो आला. पॅनलची काळी काच, आणि तडा गेलेला कोपरा पिवळा झालेला. पिवळेपणा काठाकाठानं आत सरकला होता. खाली तिनं लिहिलं होतं, "नणंदबाई, तुमच्या पॅनलला हळद लागली. लगीन कोणाशी?"

मी हसले. मग फोटो मोठा केला. काळा थर ओलीनं मोडतो तेव्हा मागे जे उरतं ते पिवळं असतं, आणि ते शिशाचं संयुग असतं. पाण्यात ते थोडं थोडं विरघळतं. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी न थांबता सांगितलं असतं. फोटोच्या खालच्या टोकाला आमच्या स्लॅबचा पांढरा पाइप दिसत होता. त्याच्या तोंडाशी पाण्याची ओली रेघ होती. शिसं मला माहीत होतं आणि टाकं मला माहीत होतं. ती दोन्ही एकाच फोटोत मी पहिल्यांदा पाहिली.

वहिनीला तेव्हा पाचवा महिना होता.

मी लगेच फोन लावला. "वहिनी, टाक्यातलं पाणी पिऊ नको."

"कामून?" 'का'ला आमच्याकडे 'काऊन' म्हणतात, ती 'कामून' म्हणते. आई त्यावरून तिची अजून चेष्टा करते.

"सांगते मी. सध्या पिऊ नको."

"मग काय पिऊ, तुमचं खारं? पोटातलं लेकरू बी थुंकून देईल ते."

"कॅन आणायले सांग दादाले. पिंपळगाव राजाहून आणता येते."

तिनं हसणं बंद करून विचारलं, "ताई, काय झालं?"

मला सांगता आलं नाही. म्हणजे शब्द होते, पण मला आधी खात्री करायची होती. मी म्हणाले, "बहुतेक काही नाही. तपासून पाहू." माझ्या बोलण्यात 'बहुतेक' फार येतं असं सर नेहमी म्हणतात.

मग मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं. थर अतिशय पातळ असतो, शिसं अगदी थोडं असतं, पावसाच्या एवढ्या पाण्यात ते कुठच्या कुठं जातं. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या छपराचं पाणी गटारातच जातं ना?"

"टाक्यात जातं, मॅडम."

"टाक्यात म्हणजे? झाडांना वगैरे?"

"प्यायला, मॅडम."

मला वाटलं फोन कट झाला. मी दोनदा "हॅलो" म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "मी येते. तोवर कोणाला काही सांगू नका. घाबरवू नका कोणाला."

मी सांगितल्यावर दादानं त्याच दिवशी ते पॅनल खाली उतरवलं आणि पोत्यात गुंडाळून गोठ्याच्या मागे ठेवलं. टाक्यातलं पाणी एका बाटलीत भरून माझ्याकडे पाठवलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते परीक्षानळीत घेतलं आणि त्यात पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण थेंब थेंब टाकलं. शिसं असेल तर पिवळा साका येतो. काही आला नाही. पाणी स्वच्छ राहिलं. मी इतकी हलकी झाले की सरांना दाखवायला नळी तशीच घेऊन गेले. सरांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "ह्या परीक्षेला एवढं कमी दिसत नाही, बेटा. तुला जे शोधायचं आहे ते ह्याच्या कितीतरी खाली असू शकतं. दिसलं नाही एवढंच म्हण." मी बाटली धुतली नाही. तशीच खोलीवर नेऊन खिडकीत ठेवली. खोलीतल्या मुलींना सांगून ठेवलं, याला हात लावू नका.

मॅडम यायच्या आदल्या संध्याकाळीच मी एसटीनं गावी आले होते. त्यांच्याबरोबर नमुने घेणारा एक माणूस होता. दोघं उन्हातून आले, ओसरीत बसले. मी आतून कॅनचं पाणी आणायला वळले, तोवर आई बाहेर आली होती. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात दोन ग्लास. पाहुण्याला आमच्या घरात टाक्याचंच पाणी देतात. विकतचं पाणी पाहुण्यापुढे ठेवणं आईला कमीपणाचं वाटतं. ती मुद्दाम करत नव्हती. पाण्यात काय असू शकतं हे मी तिला अजून सांगितलंच नव्हतं.

"घ्या माय. पावसाचं हाय. गोड हाय."

मॅडमनी ग्लास घेतला. घ्यावाच लागला त्यांना. तो हातात धरून त्या बोलत राहिल्या, प्रवासाचं, उन्हाचं, रस्त्याचं. आई समोर उभी होती, ग्लास रिकामा होण्याची वाट पाहत. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बाबा खाटेवर होते. बोलणं संपलं तरी ग्लास भरलेलाच होता. शेवटी मॅडमनी तो हळूच खाली ठेवला, पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि म्हणाल्या, "माझ्याकडे आहे पाणी. बाहेरचं पाणी मला बाधतं, काकू."

आईनं दोन्ही ग्लास भरलेलेच उचलले आणि आत नेले. मी मॅडमकडे पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही प्यायले नसते, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

ते गेल्यावर वहिनी माझ्याजवळ आली. "आता सांगा."

मी सांगितलं. शिसं म्हणजे काय, ते लहान मुलांच्या डोक्याच्या वाढीला बाधतं, पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं, पण आपल्या पाण्यात किती आहे ते माहीत नाही, कदाचित काहीच नसेल. मी पुष्कळ बोलले. ती ऐकत होती. मी म्हणाले, "रक्त तपासता येते. अकोल्याले पाठवावं लागंल."

"आकडा कळून काय करू?" ती म्हणाली. "पोटातलं काढून धुऊ का?"

तिनं रक्त दिलं नाही, शेवटपर्यंत.

काही दिवसांनी अहवाल आला. टाक्यातलं पाणी मर्यादेच्या आत होतं. पाइपच्या तोंडाशी साचलेल्या गाळातलं मर्यादेच्या बाहेर होतं. मॅडमनी फोनवर सांगितलं की कंपनीच्या मते पाणी वापरायला हरकत नाही, टाकं भरलेलं राहू द्या, बाकीची तीन पॅनलं धडधाकट आहेत, प्रकल्प सुरू ठेवू. मी हे घरी तसंच्या तसं सांगितलं.

बाबांचा चेहरा मोकळा झाला. "मंग झालं तं. सरकारनं ठरवलेल्या हद्दीतच हाय ना? एवढं भरलेलं टाकं. भादवा सुरू झाला, आता किती पडंल पाणी?"

"मर्यादेत हाय," आई म्हणाली, "तं मंग त्या बाईनं काऊन नाही पेलं?"

आई तो ग्लास विसरली नव्हती.

बाबा माझ्याकडे वळले. "तू सांग. तू शिकली हाय. ठेवू का सोडू?"

दादाही माझ्याकडे पाहत होता. ते टाकं त्यानं बांधलं होतं, आणि त्यातलं पाणी पुढचा अख्खा उन्हाळा पुरणार होतं. मी पुस्तकात जे वाचलं होतं ते एवढंच, की लहान मुलासाठी शिशाचं चांगलं असं कुठलंच प्रमाण कोणी सांगत नाही. मर्यादा असते, पण ती सोयीची असते. हे मला नीट मांडता आलं नाही. 'बहुतेक' तोंडाशी आलं होतं. वहिनी चुलीपाशी बसली होती, पाठमोरी.

"सोडा," मी म्हणाले. "अन् बाकीचे तीन बी काढा."

"तुह्यं प्रोजेक्ट?"

"काढा, बाबा."

दादानं गोठ्याच्या मागे खड्डा खणला आणि टाक्याच्या तोटीला पाइप लावून पाणी त्यात सोडलं. आमच्याकडे गोडं पाणी जमिनीवर पडलेलं कोणी पाहत नाही. आवाज ऐकून शेजारच्या काकू कमरेवर घागर घेऊन धावत आल्या.

"काऊन बे, येडा झाला का तू? पाणी सोडून राह्यला? द्यायचं नव्हतं तं तसं सांगायचं. मातीले पाजता, पण शेजाऱ्याले नाही?"

त्यांनी पाइपचं तोंड उचललं आणि घागरीत धरलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. 'कोणाला काही सांगू नका' हे मॅडमचे शब्द माझ्या कानात होते. काकूंच्या घरात दोन लहान नातू आहेत.

"काकू, नका भरू."

"काऊन वं?"

"त्यात शिसं उतरलं असंल. पॅनलमधलं. आमच्या वरच्या."

"काय उतरलं?"

"शिसं. लेकरांले वाईट असते ते."

काकूंनी घागर खाली ठेवली. आत अर्धं पाणी होतं. त्या कधी घागरीकडे पाहत होत्या, कधी माझ्याकडे. "अन् उन्हाळ्यात तुमच्याकडूनच नेलं ना वं आम्ही पाणी? पोट्टे पेलेच ना ते?"

उन्हाळ्यातलं पाणी आधीच्या पावसाचं होतं, पॅनलच्या आधीचं. त्यात काही नव्हतं. मी त्यांना हे समजावलं, दोनदा समजावलं. त्यांनी मान हलवली आणि घागर तिथंच ओतून निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली होती. कोणी म्हणे आमच्या टाक्यात जहर निघालं, कोणी म्हणे सोलरनं पाणी नासतं. गावात साधे, सिलिकॉनचे सोलर पंप कितीतरी शेतांवर आहेत. एकानं येऊन बाबांना विचारलं, आपल्या पंपाचं पाणी बैलाला पाजावं का? मी म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो म्हणाला, "तुम्ही तं आधी याचाबी नाही म्हणत होते." आम्ही कधी तसं म्हटलं नव्हतं. पण आम्ही काही विचारलंही नव्हतं.

वहिनीला ठरल्यापेक्षा लवकर माहेरी पाठवायचं ठरलं. आईला ते फार जड गेलं. सातव्या महिन्यात ओटी भरायची, मग याही, म्हणजे वहिनीचे वडील, न्यायला येणार, असं सगळं तिनं योजलं होतं. "सहाव्यातच धाडली तं याह्यले काय सांगू? आमच्या घरचं पाणी बाधते म्हणू?" असं म्हणत तिनं ओटी भरली. डोळे पुसत भरली. वहिनीनं वाकून पाया पडताना तिला म्हटलं, "आत्या, सांगा की सुनेला पाणी चालत नाही." आई रडता रडता हसली आणि मग जास्तच रडली.

नंतर कंपनीच्या मुख्य साहेबांनी मला ऑनलाइन मीटिंगला बोलावलं. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले की तुमचं सहकार्य चांगलं होतं, असा प्रसंग हजारात एखादा, आणि बाजारात जे पॅनल येईल त्याचं आवरण ह्याच्यापेक्षा मजबूत असेल. त्यांच्यामागे पांढरी भिंत होती. मॅडमही मीटिंगमध्ये होत्या, पण त्यांचा कॅमेरा बंद होता. मी हात वर करायचं बटण दाबलं. मग वाटलं खाली घ्यावा. तोवर साहेब म्हणाले, "हां, बोला."

"सर, आत्ता तुम्ही घर बघून पॅनल लावता. बाजारात आल्यावर कोणीही विकत घेईल. तेव्हा स्लॅबवरचं पाणी कुठं जातं, हे कोण विचारणार?"

ते म्हणाले, "सूचना असतात ना सोबत. वापरणाऱ्यानं वाचायच्या असतात."

मला बाबा आठवले. ते औषधाच्या डब्यावरचं चित्र पाहून फवारणी करतात. मी "हो सर" म्हणाले आणि मीटिंग संपली. ट्रेनीच्या जागेचं पुन्हा कोणी काढलं नाही. मीही नाही. माझा प्रकल्प मी तडा गेलेल्या त्या एका पॅनलवरच लिहिला. मी मागितलेल्या सगळ्या नोंदी मॅडमनी काही न विचारता पाठवल्या, अहवालासकट. त्यांनी असं का केलं ते मला नक्की सांगता येत नाही. पेरोव्हस्काइटवर माझा अजूनही विश्वास आहे. तो कधीतरी आमच्या पंपांवर यावा असं मला खरंच वाटतं. हे घरी बोलून दाखवायची हिंमत मात्र होत नाही.

टाकं घासून धुतलं, स्लॅब धुतला, गाळ भरून कंपनीला दिला. दसऱ्याच्या सुमाराला परतीचा पाऊस झाला आणि टाकं अर्धं भरलं. ते पाणी मी पुन्हा तपासायला पाठवलं, यावेळी मोठ्या यंत्रावर. कागदावर आलं, 'आढळले नाही'.

वहिनीला सुलतानपूरला मुलगी झाली. होळीच्या आधी ती परत आली तेव्हा मी मुद्दाम चिखलीहून आले. मुलगी गोरी, शांत, टक लावून पाहणारी. सगळे म्हणत होते किती गुणाची आहे, रडत नाही. मी ते ऐकलं की तिच्यासमोर टाळी वाजवायचे. ती दचकली की बरं वाटायचं. असं मी किती वेळा केलं कोणास ठाऊक. वहिनीनं पाहिलं असणार.

सामानात तिनं माहेरच्या विहिरीच्या पाण्याचा मोठा कॅन आणला होता. जीपवाल्याशी भांडून आणला होता म्हणे. मी तपासणीचा कागद तिच्यापुढे धरला.

"आढळलं नाही म्हणजे," तिनं विचारलं, "नाही, की सापडलं नाही?"

"त्या यंत्राले सापडलं नाही. ते यंत्र लय बारीक पायते, वहिनी. पण नाहीच, असं मी म्हणू शकत नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिनं सहाणेवर माहेरच्या पाण्याचे थेंब टाकले आणि पोरीची गुटी उगाळली. पोरीला ती चाटवून झाली, तोंड पुसून झालं. मग ती उठली, तुरीची डाळ धुतली आणि पातेलं घेऊन मागच्या दारानं टाक्याकडे गेली. तोटी सोडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा पातेलं भरलेलं होतं. माझ्याकडे न पाहता तिनं ते चुलीवर ठेवलं.

डाळ लवकर शिजली. आम्ही सगळे जेवलो.